मागचा टायर चौकोनी झाला होता: भारी टूरिंग मोटारसायकलच्या टायरबदलाचं एक प्रकरण

हे प्रकरण एका जोडप्याचं आणि त्यांच्या गाडीचं आहे. ओळख पटेल असे तपशील काढून टाकले आहेत. आकडे आणि घटनाक्रम मात्र होता तसाच ठेवला आहे. ओळखीचा रायडर म्हणून मला मत विचारलं गेलं आणि टायर बसून प्रवास होईपर्यंत मी यात होतो.

पार्श्वभूमी

गाडी चार सिलिंडरची, शाफ्ट ड्राइव्हची, इंधनासकट साधारण २९० किलोची. चालक पन्नाशीतले आणि अनुभवी. त्यांच्या पत्नी प्रत्येक प्रवासात मागच्या सीटवर. दोन्ही बाजूंना पेट्या, मागे टॉप बॉक्स. दोघांचं वजन आणि सामान धरलं, की टायरांवर येणारा भार ४८० किलोच्या आसपास जातो. वर्षातून एक-दोन मोठे प्रवास आणि एरवी सुट्टीच्या दिवशी हायवेने लांब जाऊन परत येणं, असा वापर. म्हणजे टायरचं बहुतेक आयुष्य सरळ रस्त्यावर, वजन घेऊन, एकसारख्या वेगात गेलेलं. पुढचं सगळं याच एका गोष्टीतून निघालं, म्हणून ती आधी सांगितली.

गाडीला कंपनीने दिलेलेच टायर होते: पुढे १२०/७० झेडआर १७, मागे १८०/५५ झेडआर १७ (पहिला आकडा रुंदीचा, मिलिमीटरमध्ये; शेवटचा रिमच्या व्यासाचा, इंचांत). दोन्ही ११,००० किलोमीटर चाललेले. तीन आठवड्यांनी ३,५०० किलोमीटरचा प्रवास ठरला होता. त्यातला निम्मा रस्ता घाटाचा, आणि पाऊस लागण्याची बरीच शक्यता.

अडचण

तक्रार पहिल्यांदा मागच्या सीटवरून आली. पत्नीचे शब्द असे होते: "अहो, वळताना गाडी आधी अडते आणि मग एकदम पडते." कोणत्याही मेकॅनिकला यापेक्षा नेमकं वर्णन मिळणार नाही. पण ते टायरचं वर्णन आहे, हे कोणाच्या लक्षात आलं नाही.

चालकांना वाटलं, मागचं सस्पेन्शन बसलंय. त्यांनी प्रीलोड, म्हणजे सस्पेन्शनच्या स्प्रिंगवरचा आधीचा ताण, वाढवला. फरक पडला नाही. मग त्यांनी एका वर्कशॉपमध्ये गाडी दाखवली. तिथे हँडलची बेअरिंग ढिली असल्याचं सांगून ती आवळून दिली. त्यानंतर गाडी सरळ रस्त्यावरही जड वाटायला लागली. आता दोन दोष एकमेकांत मिसळले होते, आणि दुसरा दोष पहिल्यावरच्या उपायातून आला होता.

मी गाडी पाहिली तेव्हा सगळ्यात आधी मागच्या टायरवर आडवी स्टीलपट्टी धरली. गोलाकार टायरवर पट्टी एकाच जागी टेकायला हवी. इथे ती चार बोटं रुंदीच्या सपाट पट्ट्यावर अख्खी बसली, आणि त्या पट्ट्याच्या दोन्ही कडांना हाताला लागेल अशी धार होती. नक्षीची खोली मोजली: मध्यभागी १.९ मिलिमीटर, खांद्याकडे, म्हणजे बाजूच्या उतारावर, ४.२. नवीन असताना मध्यभागी साधारण ७ असते.

चालक म्हणाले, "अजून नक्षी दिसतेय की." दिसत होतीच. झिजेच्या खुणांपर्यंत टायर पोहोचला नव्हता. कायद्याने किमान खोली काही देशांत १ मिलिमीटर आहे, काही ठिकाणी १.६. त्या हिशेबाने टायरमध्ये अजून जीव होता. पण तो अडचणीत आणत होता ते खोलीमुळे कमी आणि आकारामुळे जास्त.

मोटारसायकल वळते ती झुकून. टायर गोल असेल तर झुकताना रस्त्याला टेकणारी जागा मध्यापासून खांद्याकडे हळूहळू सरकते. मधला भाग सपाट झाला, की ती जागा आधी हलतच नाही, हँडलला जोर लावावा लागतो. मग गाडी त्या धारेवरून पलीकडे जाते, चौकोनी ठोकळा कडेवरून कलंडावा तशी, आणि चालकाने मागितलं त्यापेक्षा जास्त झुकते. "आधी अडते आणि मग पडते" ते हेच. मागे माणूस आणि सामान असलं, की हा धक्का आणखी मोठा जाणवतो.

पुढचा टायर वरवर बरा होता, खोली २.६ मिलिमीटर. पण त्यावरून तळहात एका दिशेने फिरवला तर गुळगुळीत लागायचा आणि उलट दिशेने फिरवला तर करवतीसारखा अडायचा. नक्षीच्या प्रत्येक ठोकळ्याची एक कड जास्त घासली होती. वेग कमी करताना पुढून येणारा गुणगुण आवाज त्याचाच होता.

हवेचा हिशेब

पुढचा टायर असा का झिजला, याचा शोध घेताना हवेचा विषय निघाला. गाडीच्या पुस्तिकेत थंड टायरसाठी पुढे ३६ आणि मागे ४२ पीएसआय (हवेच्या दाबाचं माप) दिलेलं होतं. चालक हवेबाबत निष्काळजी अजिबात नव्हते. प्रत्येक प्रवासात पंपावर थांबून ते न चुकता तपासायचे. पण तपासायचे तासभर गाडी चालवल्यावर, आणि आकडा ४८-४९ दिसला की जास्त झाली म्हणून ४२ पर्यंत उतरवायचे.

टायर तापला की आतली हवा तापते आणि दाब वाढतो. पुस्तिकेतला आकडा हे गृहीत धरूनच थंड टायरसाठी दिलेला असतो. सुमारे ५५ अंशांवर असलेला टायर ४२ वर आणून ठेवला, तर सकाळी २५ अंशांना तो ३७ च्या आसपास भरतो. मागे पाच पीएसआय कमी, आणि पुढेही त्याच प्रमाणात कमी. कमी हवेचा टायर जास्त दबतो, जास्त तापतो, लवकर झिजतो. पुढचा तर ब्रेक लागताना ठोकळ्या-ठोकळ्याने मुरडला जातो. वळणावर गाडी अडायला लागल्यावर "जरा मऊ पडेल" म्हणून त्यांनी पुढची हवा आणखी उतरवली होती. त्याने हँडल आणखी जड झालं.

हे उलगडल्यावर त्यांनी पहिली खरेदी केली ती टायरची नाही, स्वतःच्या प्रेशर गेजची. पंपावरच्या यंत्रांत आपसात दोन-तीन पीएसआयचा फरक सहज निघतो. घरातून निघण्यापूर्वी, चाक थंड असताना, कायम एकाच गेजने मोजलं तर आकड्याला काही अर्थ राहतो.

एक की दोन्ही?

मागचा बदलायचा हे नक्की होतं. प्रश्न पुढच्याचा होता. २.६ मिलिमीटर असलेला टायर काढून टाकायला चालकांचं मन होत नव्हतं, आणि त्यात काही चूक नाही. मागचा टायर पुढच्यापेक्षा लवकर संपतो, कारण गाडी पुढे ढकलायचं काम त्याचं आणि मागच्या सीटचा भार त्याच्यावर. दर वेळी जोडीच बदलली पाहिजे असं मी मानत नाही. पुढचा समान झिजला असता, तर मी फक्त मागचा बदलायला सांगितलं असतं.

इथे दोन गोष्टी त्याच्या विरोधात गेल्या. एक, करवतीसारखी झीज नवीन मागच्या टायरने सुधारणार नव्हती, वाढतच गेली असती. दुसरी, ३,५०० किलोमीटरच्या मध्यावर तो संपला असता. अनोळखी गावात, त्याच मापाचा आणि त्याच जातीचा टायर मिळेल की नाही या घोरात, मिळेल तो बसवून घ्यावा लागला असता. घाटात आणि पावसात पुढच्या टायरची पकड गेली तर सावरायला वेळ मिळत नाही. दोन्ही बदलायचं ठरलं.

कोणता टायर?

माप बदलायचं नाही हे आधी ठरवून टाकलं, कारण मित्रमंडळींकडून १९० रुंदीचा सल्ला आला होता. रुंद टायर म्हणजे जास्त पकड, हा समज फार चिवट आहे. त्याच वेगात तेच वळण घ्यायला रुंद टायरची गाडी उलट जास्त झुकवावी लागते, आणि ती झुकायला आळशी होते. १८०/५५ मध्ये बाजूच्या भिंतीची उंची १८० च्या ५५ टक्के, म्हणजे ९९ मिलिमीटर. १९०/५० घेतला तर ती ९५ वर येते. मागून गाडी खाली बसते आणि हँडलची भूमितीही थोडी बदलते. गाडी बनवणाऱ्यांनी सगळा समतोल एका मापावर साधलेला असतो, तो आपण का मोडायचा?

कारचा टायर बसवण्याचाही विषय निघाला. काही भारी टूरिंग गाड्यांचे मालक जास्त किलोमीटर मिळावेत म्हणून मागे तो चढवतात. मी त्याला ठाम विरोध केला. सपाट टायरने हैराण झालेल्या माणसाने जन्मतः सपाट टायर विकत घेण्यात काय हशील? शिवाय मोटारसायकलच्या रिमची टायर धरून ठेवणारी कड वेगळ्या घडणीची असते. कारचा टायर तिथे बसण्यासाठी बनवलेला नसतो.

राहिले तीन पर्याय. मऊ रबराचा स्पोर्ट टायर कोरड्या वळणावर छान धरतो, पण हायवेवर मधून भराभर संपतो. सहा महिन्यांत पुन्हा चौकोन. कंपनीने मुळात दिलेलाच टायर घ्यावा, तर तो वाईट नव्हता, पण जुन्या पिढीचा होता आणि ओल्या रस्त्यावर चालकांना त्याचा कधीच भरवसा वाटला नव्हता. तिसरा पर्याय नव्या पिढीचा स्पोर्ट-टूरिंग टायर: मध्ये कडक रबर, खांद्यांवर मऊ, रबरात सिलिकाचं प्रमाण चांगलं, त्यामुळे थंड आणि ओल्या रस्त्यावर पकड लवकर येते. मधला कडक पट्टा हायवेवरची झीज सोसतो. या जोडप्याच्या वापराला हाच जुळत होता. कोणत्या कंपनीचा, यावर आम्ही फार वेळ घालवला नाही. मोठ्या कंपन्यांचे या वर्गातले टायर एकमेकांपासून इतके लांब नाहीत, की चुकीच्या हवेपेक्षा चुकीच्या कंपनीने जास्त नुकसान व्हावं.

खरेदी, आणि सुटलेली दोन अक्षरं

चालकांनी मॉडेल आणि माप पाहून जोडी ऑनलाइन मागवली. टायर आले. बसवणाऱ्याकडे नेले. त्याने साइडवॉलवरची, म्हणजे टायरच्या बाजूच्या भिंतीवरची, अक्षरं वाचली आणि हत्यार खाली ठेवून विचारलं, "गाडीवर दोघं जाता ना? मग जीटी का नाही घेतला?"

काही कंपन्या एकच मॉडेल दोन घडणींत विकतात. नाव तेच, नक्षी तीच, माप तेच. भारी टूरिंग गाड्यांसाठीच्या घडणीत आतला सांगाडा जास्त ताठ असतो, आणि नावापुढे जीटी किंवा असंच एखादं अक्षर जोडलेलं असतं. आलेली जोडी साधी होती.

गोंधळ वाढवणारी गोष्ट अशी, की दोन्ही घडणींवर भारांक सारखाच होता. पुढे ५८ म्हणजे २३६ किलो, मागे ७३ म्हणजे ३६५ किलो, आणि वेगमर्यादेचं अक्षर डब्ल्यू म्हणजे ताशी २७० किलोमीटरपर्यंत. गाडी, माणसं, सामान मिळून ४८० किलो आणि त्यातला जास्त वाटा मागच्या चाकावर धरला तरी हिशेब मर्यादेत बसत होता. म्हणून चालकांचा प्रश्न रास्त होता: भार पेलतोय, तर अडचण काय? अडचण टायर फुटण्याची नव्हती. भारांक सांगतो टायर किती वजन सोसेल. ते वजन घेऊन वळणावर तो किती मुरडेल, हे त्यातून कळत नाही. साधा सांगाडा पूर्ण भारात जास्त हलतो, गाडी वळणात डुलते आणि टायर जास्त तापतो.

चालकांचं लक्ष मात्र दुसऱ्याच गोष्टीवर गेलं होतं. साइडवॉलवरच्या डॉट या अक्षरांपासून सुरू होणाऱ्या कोडचे शेवटचे चार अंक बनवल्याची तारीख सांगतात. पहिले दोन आठवडा, पुढचे दोन वर्ष. २३१९ असेल तर २०१९ चा तेविसावा आठवडा. पुढचा टायर ताजा होता, मागचा सुमारे दोन वर्षांचा. जुना माल दिला म्हणून ते संतापले आणि तेवढ्यावरच परत करायला निघाले. सावलीत, नीट ठेवलेला न वापरलेला टायर दोन वर्षांत खराब होत नाही. वापरात येऊन पाच वर्षं झाली की दरवर्षी तज्ज्ञाकडून तपासून घ्यावा, आणि बनवल्यापासून दहा वर्षांनी कसाही दिसला तरी काढावा, असा सल्ला मोठ्या कंपन्या देतात. परत करायचं खरं कारण तारीख नव्हतं, घडण होती. हे स्पष्ट करणं गरजेचं होतं, कारण विक्रेत्याने त्याच साध्या टायरचा ताजा नग पाठवला असता, तर चालक समाधानाने तो बसवून मोकळे झाले असते.

प्रवासाला बारा दिवस उरले होते. साधी जोडी बसवून निघायचं, की परत करून वाट पाहायची? एकदा रिमवर चढलेला टायर सहसा कोणी परत घेत नाही, म्हणजे निर्णय त्याच क्षणी हवा होता. नवीन जोडी वेळेत आलीच नाही, तर प्रवास आठवडाभर पुढे ढकलायचा, असं पत्नीनेच सुचवलं. माझ्या मते या प्रकरणातला सगळ्यात शहाणा निर्णय तोच. तारखेचं ओझं उतरल्यावर बाकीचं शांतपणे ठरलं. दोन्ही टायर परत गेले. जीटीची जोडी या वेळी बसवणाऱ्यामार्फतच मागवली, कारण मग चुकीचा नग आला तर तो परत करणं त्याचं काम. आठवड्याभरात जोडी आली.

बसवणं

बसवणाऱ्याने घाई केली नाही. चाकं काढल्यावर बेअरिंगच्या आत बोट घालून फिरवून पाहिली. मागच्या रिमचा रबरी व्हॉल्व वाकवला तर मुळाशी चिरा दिसल्या. टायर नवा आणि व्हॉल्व जुना ठेवला असता, तर तिथूनच हवा गेली असती. दोन्ही व्हॉल्व बदलले.

टायरच्या बाजूवर, रिमच्या कडेला लागून, एक बारीक रेघ असते. टायर नीट बसला की ती रेघ कडेपासून सगळीकडे सारख्या अंतरावर दिसते. मागच्या चाकावर एका हातभर जागेत ती आत गेलेली होती. हवा पूर्ण भरलेली, गळती काही नाही, दिसायला सगळं ठीक. तसाच सोडला असता तर चाक प्रत्येक फेऱ्याला उडालं असतं आणि दोष बॅलन्सिंगला दिला गेला असता. त्याने हवा काढली, कडेला पुन्हा साबणाचं पाणी लावलं, पुन्हा भरली. "टक्" असा आवाज झाला आणि रेघ वर आली.

फिरण्याच्या दिशेचे बाण पाहून चाकं चढवली. पुढचा ॲक्सल आवळण्याआधी फोर्क, म्हणजे पुढचं सस्पेन्शन, दोन-चारदा दाबून बसवला, बोल्ट टॉर्क रेंचने आवळले, आणि गाडी हलवण्याआधी ब्रेक हातात येईपर्यंत पंप केला. चाक काढता-घालताना ब्रेकचे पिस्टन मागे ढकललेले असतात, पहिला ब्रेक पोकळ जातो. हे विसरून माणसं दुकानाच्या दारातच आदळली आहेत.

त्याच दिवशी हँडलची बेअरिंगही पाहिली. पुढचं चाक अधांतरी असताना हँडल हलक्या बोटाने दोन्हीकडे पडायला हवं. ते मध्येच थांबत होतं. आवळलेली बेअरिंग ढिली केल्यावर दुसरा दोषही गेला.

प्रवास आणि त्यानंतर

पहिले २०० किलोमीटर चालक एकटे, पेट्या न लावता फिरले. नवीन टायरचा पृष्ठभाग साच्यातून आलेला गुळगुळीत असतो. तो थोडा खरबडीत होईपर्यंत जोरात ब्रेक, जोरात ॲक्सिलरेटर आणि खोल झुकणं टाळायचं असतं. मगच पत्नीसह, पूर्ण सामान लावून एक फेरी मारली आणि सस्पेन्शनचा प्रीलोड पुन्हा पुस्तिकेप्रमाणे केला.

प्रवासात पाऊस लागला, घाटही लागले. पत्नीची तक्रार थांबली, आणि मी निकाल त्यावरूनच मोजतो. एकूण ३,६०० किलोमीटर झाल्यावर मागच्या टायरची मध्यभागी खोली ७ वरून ५.६ वर आली होती. याच गतीने २ मिलिमीटरपर्यंत जायला साधारण १२,८०० किलोमीटर लागतील. जुन्या टायरपेक्षा हे फार जास्त नाही. हायवेवर वजन घेऊन चालणाऱ्या गाडीचा मागचा टायर मधूनच झिजणार, कडक पट्टा ते लांबवतो, थांबवत नाही.

वेगळं काय करता आलं असतं

सगळ्यात महागात पडली ती तपासणीची उलटी क्रमवारी. प्रीलोड आणि बेअरिंगला हात लावण्याआधी टायरवर पट्टी धरली असती, तर एक वर्कशॉपची फेरी आणि एक नवीन दोष वाचला असता. वळणावरची कोणतीही तक्रार आली की आधी थंड टायरची हवा, मग टायरचा आकार, मग पुढच्या टायरवरून दोन्ही दिशांनी तळहात, आणि त्यानंतरच बाकीचं काही.

टायर बदलण्याची वेळ झिजेच्या खुणेवरून ठरवणं या गाडीला योग्य नाही. खूण खोली दाखवते. आकार तिच्या बराच आधी जातो. अर्धं आयुष्य उलटल्यावर महिन्यातून एकदा मध्य आणि खांदा अशा दोन ठिकाणी खोली मोजली, तर चौकोन होताना दिसतो आणि प्रवासाच्या तीन आठवडे आधी धावपळ करावी लागत नाही.

मागवताना मॉडेल आणि माप एवढंच न पाहता, गाडीच्या वजनाला कोणती घडण लागते हे टायर कंपनीच्या यादीत गाडीच्या नावासमोर पाहायला हवं होतं. तिथे जीटी स्पष्ट लिहिलेलं होतं.

एका मुद्द्यावर चालकांचं आणि माझं अजून जुळलेलं नाही. पुढच्या वेळीही जोडीच बदलायची, असं त्यांचं म्हणणं. हवा आता थंड टायरवर मोजली जातेय, त्यामुळे पुढचा टायर या वेळी समान झिजेल, असं मला वाटतं. मागचा संपेल तेव्हा पुढच्यात ३ मिलिमीटर उरलेले असतील आणि हात दोन्ही दिशांनी सारखाच फिरत असेल, तर मी फक्त मागचा, त्याच कंपनीचा, त्याच मॉडेलचा, जीटीच बदलेन. तोवर दर महिन्याचे आकडे लिहून ठेवायचं त्यांनी मान्य केलं आहे.